बंद घरात हललेलं कॅलेंडर

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी नळआजोबांच्या पाठीवर एक गार फुंकर आली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

फुंकर यावी असं त्या घरात काही नव्हतं. सगळ्या खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या, त्याही तीन-तीन काचांच्या. भिंती हातभर जाड, आत पेंढ्याचे दाबून बसवलेले गठ्ठे आणि दोन्ही अंगांनी मातीचा गिलावा. पुढच्या दाराच्या चौकटीत आज एक लाल कापड ताणून बसवलं होतं. त्या कापडाच्या मधोमध एक मोठा पंखा गुरगुरत घरातली हवा बाहेर फेकत होता. पंख्याशेजारी टेबलावर एक छोटं यंत्र होतं, यंत्रावर आकडा होता आणि आकड्यावर तपासनीस साहेबांची नजर होती. आजोबांच्या सूनबाईंची नजर तपासनीस साहेबांवर होती आणि आपल्या खोलीतल्या खुर्चीत बसलेल्या आजोबांची नजर, जमेल तितकी, कुठेच नव्हती.

त्यांच्या पाठीमागे भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेलं होतं. कॅलेंडरमागे काय होतं ते या घरात फक्त आजोबांना ठाऊक होतं.

आजोबा म्हणजे गल्लीतले जुने प्लंबर. चाळीस वर्षं त्यांनी प्रत्येक घरातला प्रत्येक नळ उघडून बसवला होता, म्हणून मुलांनी त्यांचं नाव नळआजोबा पाडलं आणि मग मोठेही तेच म्हणायला लागले. अजूनही त्यांच्या खिशात पांढऱ्या टेपचं रीळ असायचं. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती टेप. दुसऱ्यांचे आजोबा खिशात गोळ्या बाळगतात, आमचे आजोबा टेप बाळगतात, असं टिकली शाळेत सांगायची. टिकली म्हणजे नात, वय वर्षं आठ.

शेजारच्या घरात आजोबांची थोरली बहीण राहायची. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. गल्लीच्या समितीची अध्यक्ष तीच, आणि एकदा नाही म्हणाली की नाही. जगात तीच एकटी आजोबांना अजून बाळ्या म्हणायची. जुन्या घरात दोघांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर होत्या. मधे दोन हातांचा बोळ. चाळीस वर्षं बहीणभाऊ त्या बोळावरून बोलत आले. दूध उतू गेलं इथपासून ते कोणाचं लग्न मोडलं इथपर्यंत सगळं त्या खिडक्यांतून जायचं यायचं.

ते जुनं घर म्हणजे चाळणी होती. थंडीत बंद खिडक्यांचे पडदे हलायचे, मेणबत्ती लावली की ज्योत आडवी व्हायची, आणि आजोबा कानटोपी घालून झोपायचे. कानटोपी दर वर्षी ताई विणायची. घर तापवायला शेगडी रात्रंदिवस जळायची आणि तिची सगळी ऊब फटीफटीतून निघून जायची. सूनबाई घरं बांधण्याचं शिकून आलेल्या. त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं, "बाबा, आपण घर तापवत नाही, आपण बोळ तापवतोय."

ते घर पाडून त्याच जागी सूनबाईंनी हे नवं उभं केलं. त्यांचं स्वतःचं पहिलं घर. यात शेगडी नाहीच. दक्षिणेच्या मोठ्या खिडक्यांतून ऊन आत येतं आणि जाड भिंती ती ऊब धरून ठेवतात. कोंदट होऊ नये म्हणून कोपऱ्यात जमिनीलगत एक पेटी बसवलेली आहे. जुनी हवा तिच्यातून बाहेर जाते, नवी तिच्यातूनच आत येते, आणि जाता जाता जुनी आपली ऊब नवीला देऊन जाते. "म्हणजे बाहेर जाणारा माणूस आत येणाऱ्याला आपला स्वेटर काढून देतो," असं आजोबांनी टिकलीला समजावलं होतं. टिकलीने विचारलं होतं की मग बाहेर जाणाऱ्याला थंडी वाजत नाही का. त्यावर आजोबा म्हणाले होते, "वाजते ना. पण तो आपल्या घरचा नाही राहिला आता."

फक्त एक झालं. बोळाच्या बाजूला सूनबाईंनी खिडकीच ठेवली नाही. तिकडून ऊन येत नाही, आणि ऊन न देणारी खिडकी नुसती ऊब बाहेर घालवते. हिशेब बरोबर होता. आजोबांनी मानही डोलावली होती. मग नव्या घरात राहायला आल्यावर पहिल्या संध्याकाळी ते आपल्या खोलीत, त्या भिंतीपाशी बसले आणि त्यांना कळलं की ताईचा आवाज येत नाही. भिंतीला कान लावला तरी येत नाही. उठून तिच्याकडे जावं तर दोघांचे चारही गुडघे कुरकुरत.

आता कोणीही शहाण्या माणसाने हे सुनेला सांगितलं असतं. पण त्याआधी एक घड्याळाचा खिळा झाला होता. आजोबांनी न विचारता भिंतीत घड्याळासाठी खिळा ठोकला, आणि सूनबाई काही न बोलता दोन तास त्या खिळ्याचं भोक लिंपत बसल्या. त्यानंतर दारामागे एक कागद चिकटला: "भिंतीला काहीही करण्याआधी मला विचारा." खाली टिकलीने खिळ्याचं चित्र काढून त्याला रडके डोळे दिले होते. त्या कागदासमोर उभं राहून दोन इंची पाईपची परवानगी मागायचा आजोबांना काही धीर झाला नाही.

म्हणून परवा, सूनबाई कामावर आणि टिकली शाळेत असताना, आजोबांनी लांब पात्याचं ड्रिल काढलं.

काम मात्र बघण्यासारखं झालं. पाईपभोवती रबराच्या दोन कड्या, आत-बाहेर फटीत लांबी भरलेली, वरून मातीचा गिलावा असा की बोट फिरवलं तरी कळू नये. बोळातून पाहणाऱ्याला वाटावं, पावसाच्या पाण्याचा पाईप असेल. पलीकडे ताईच्या खोलीत पाईपच्या तोंडाला नरसाळं. अलीकडे आट्यांचं झाकण. झाकण काढायचं, बोलायचं, लावायचं. झाकण लावलं की पाईप असून नसल्यासारखा. घराची परीक्षा होऊन जाऊ दे, मग सांगू, असं दोघांचं ठरलं होतं.

आणि परीक्षेच्या दिवशी, पंखा सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी, भिंतीतून टक टक झालं.

आजोबांनी झाकण काढलं. "ताई, आता नको. साहेब आलेत."

"एवढंच विचारते," पाईप म्हणाला. "कानटोपीला गोंडा लावू की नको?"

"नको."

"मागच्या वर्षी तर हवा होता."

तेवढ्यात टिकली हातात एक पीस घेऊन खोलीत शिरली. आजोबांनी कॅलेंडर भोकावर सोडलं, झाकण हातातून निसटलं, ठणठणत पलंगाखाली गेलं. आजोबांनी खुर्ची मागे ओढली आणि कॅलेंडरला पाठ लावून बसले. तिकडे पंखा सुरू झाला आणि इकडे फुंकर आली.

तर गोष्ट इथे होती.

"आजोबा, काय पडलं?"

"कुठे काय."

"ठण्ण झालं."

"गुडघा असेल," आजोबा म्हणाले.

टिकलीला ते पटलं, कारण तिने त्यांचे गुडघे ऐकलेले होते. तिला आज काम होतं. आईने तिला पीस देऊन प्रत्येक खिडकीच्या कडेपाशी धरायला सांगितलं होतं. पीस हललं की तिथे फट. ती खिडकीशी गेली, श्वास रोखून पीस धरलं. पीस मेल्यासारखं स्थिर.

बाहेरच्या खोलीत तपासनीस साहेब आकडा वाचत होते. ते उंच, सावकाश बोलणारे, आणि सर्दी झालेले गृहस्थ होते. "समजा घर म्हणजे फुगा," ते टिकलीला समजावून गेले होते. "आपण फुग्यातली हवा ओढतो आणि बघतो की बाहेरची किती चोरून आत येते. तासाभरात घरातली किती हवा अशी बदलली, तो हा आकडा. पॉइंट साठच्या आत हवा."

"मागच्या वेळी बावन्न आला होता," सूनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या पेनचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या, काढत होत्या आणि लावत होत्या. आजोबांना खुर्चीतून ते दिसत होतं. गल्लीतली दहा घरं जुनी झाली होती आणि ती कशी बांधायची ते समिती आज दुपारी ठरवणार होती. ताईने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "आकडा साठच्या आत आला तर माझं घर आधी देते सुनेच्या हातात. नाही आला तर विषय बंद, आपला नेहमीचा ठेकेदार बरा." दोन वर्षं सूनबाई या एका सकाळसाठी राबल्या होत्या.

"पंचावन्न," साहेब म्हणाले. "छान."

सूनबाईंनी टोपण लावलं आणि सगळ्यांसाठी चहा आणला. आजोबांपुढच्या स्टुलावर कप ठेवला. आजोबा कप घ्यायला पुढे वाकले.

पाठीमागे कॅलेंडर फडफडलं.

"त्रेसष्ट," साहेब म्हणाले.

आजोबा कप घेऊन मागे टेकले.

"पंचावन्न," साहेब म्हणाले, आणि त्यांनी यंत्राला टिचकी मारली.

आजोबांनी कप तोंडाशी आणला. पाठ तशीच भिंतीला चिकटवून चहा प्यायचा तर मान एकदम कोंबड्यासारखी पुढे काढावी लागत होती. त्यांनी ते केलं. चहा हनुवटीवरून शर्टावर आला. हात आपोआप रुमालाकडे गेला, पाठ जरा सुटली.

"एकसष्ट. पंचावन्न. त्रेसष्ट." साहेबांनी चष्मा पुसला. "हे घर काय उचक्या देतंय का हो?"

"वारा असेल बाहेर," सूनबाई म्हणाल्या. त्या खिडकीशी गेल्या. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. टोपण पुन्हा निघालं. त्या एकेक खिडकी दाबून पाहायला लागल्या, मग गुडघ्यावर बसून उंबरठा, मग पेटीचं दार. दर वेळी बोटं फिरवायची आणि मान हलवायची. आजोबांना ते पाहवेना. त्यांनी पाठ आणखी दाबली, इतकी की खुर्चीचे पुढचे पाय उचलले गेले.

"चोपन्न," साहेब म्हणाले. "आता चोपन्न. बाई, मी पाच मिनिटं थांबतो. पाच मिनिटं स्थिर राहिला तर हाच आकडा लिहितो."

पाच मिनिटं. आजोबांनी मनात हिशेब केला. पाच मिनिटं पाठ लावून बसायचं. याहून अवघड कामं त्यांनी टाकीखाली आडवं पडून केली होती. पाच मिनिटांनी आकडा लागेल, साहेब जातील, मग पलंगाखाली वाकून झाकण काढायचं आणि लावायचं. कोणाला पत्ताही नाही. आणि झाकण लावल्यावर घर चांगलंच आहे की. खोटं असं त्यात काय आहे?

एक मिनिट गेलं. टिकली खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि एकदा आजोबांकडे, एकदा यंत्राकडे बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "नाक खाजवा ना."

"का गं?"

"खाजवा ना."

"नाही खाजत."

"मघाशी तुम्ही चहा घेतला तेव्हा आकडा वाढला. पुसलं तेव्हा पण वाढला. आई, आजोबा हलले की आकडा हलतो."

"टिकली, आजोबांना त्रास नको देऊ," सूनबाई म्हणाल्या. त्या जमिनीवर बसून पेटीचा एकेक स्क्रू पुन्हा आवळत होत्या. कपाळावरचा केस मनगटाने मागे सारताना त्यांनी आजोबांकडे पाहिलं आणि थोडं हसल्या. "माझंच कुठेतरी चुकलंय, बाबा. सापडत नाही एवढंच."

सूनबाईंच्या या बोलण्याची फुंकर मात्र आजोबांना सोसेना.

त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या मानेवर काहीतरी वळवळलं. त्यांनी हात मागे नेला. बोटात लोकरीचा धागा आला. पिवळा. कॅलेंडरच्या कडेने तो बाहेर डोकावत होता, आजोबांच्या कॉलरवरून पुढे सरकत होता आणि पंख्याच्या दिशेने, एखाद्या पाहुण्यासारखा, घरात येत होता.

"बाळ्या," भिंत म्हणाली. "माझी लोकर सोड."

तपासनीस साहेबांना त्याच क्षणी शिंक आली, आणि शिंकून त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना वाटलं आपल्याला ताप असावा.

"बाळ्या, ओढू नकोस. अर्धी कानटोपी उसवली."

आजोबा उठले. उठताच कॅलेंडर भिंतीपासून सुटून शेपटीसारखं आडवं उडालं, धागा सुळकन हातभर आत आला, आणि यंत्राने टूं केलं.

"त्रेसष्ट," टिकलीने साहेबांच्या आधी वाचलं. मग तिने पीस भोकासमोर धरलं. पीस तिच्या बोटांतून सुटून थेट साहेबांच्या चहात पडलं.

"सूनबाई," आजोबा म्हणाले, "तुझं काही चुकलेलं नाही. हे माझं आहे."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. ड्रिल, नरसाळं, खिळा, दारामागचा कागद, पलंगाखालचं झाकण. काहीच शिल्लक ठेवलं नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं ठरवलं होतं तेही सांगितलं. बोलता बोलता धागा त्यांच्या पायांभोवती जमत होता आणि भिंतीतून मधूनच "कोण बोलतंय?" असं येत होतं.

सूनबाई उठून भोकापाशी आल्या. त्यांनी पाईपच्या कडेने बोट फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. मग नखाने गिलावा खरवडून पाहिला.

"कड्या किती घातल्यात?"

"दोन."

"आणि लांबी?"

"आतून आणि बाहेरून. मधे पेंढ्याला पाणी लागू नये म्हणून उतारही बाहेरच्या बाजूला दिलाय, बोटभर."

सूनबाईंनी भिंतीकडे तोंड वळवलं. आजोबांना वाटलं, आता दोन तास लिंपणं. पण त्यांचे खांदे हलायला लागले आणि आजोबांना कळेना की ही रडतेय की काय, आणि मग कळलं की ती हसतेय, अगदी भिंतीला डोकं टेकून हसतेय. "बाबा, मला विचारलं असतं तर मी दहा मिनिटांत नकाशात काढून दिला असता. तुम्हाला बोलायला जागा हवी होती, ते मलाच सुचायला हवं होतं. मी उन्हाचा हिशेब केला, तुमच्या गप्पांचा केलाच नाही."

"पाईपचं काम मात्र नकाशापेक्षा बरं झालंय," आजोबा हळूच म्हणाले.

"झालंय खरं."

"चाळीस वर्षांत आपला एक सांधा गळलेला नाही."

टिकली पलंगाखाली शिरून झाकण घेऊन आली. आजोबांनी खिशातलं रीळ काढलं, आट्यांवर पांढऱ्या टेपचे पाच वेढे घेतले, भोकात तोंड घालून "ताई, लोकर तोड, झाकण लावतोय" असं ओरडले आणि कात्रीची कच्च ऐकू आल्यावर झाकण फिरवलं. शेवटचा अर्धा फेरा ते डोळे मिटून फिरवायचे, तसाच फिरवला.

कॅलेंडर भिंतीवर पडलं आणि निजल्यासारखं गप्प झालं.

सगळे यंत्राकडे धावले. आजोबांना दारापाशी टिकलीने मुद्दाम थांबवलं, पुढे वाकायला लावलं, मागे वाकायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले आणि एका पायावर उभं केलं. आकडा हलला नाही.

"बावन्न," साहेब म्हणाले. त्यांनी पाच मिनिटं मोजली, चहातलं पीस काढलं, उरलेला चहा प्यायले आणि लिहिलं. "पाईपचीही नोंद करतो. झाकण असलं की माझ्या लेखी ती खिडकीच. छोटी, गोल."

पंखा थांबला. घर एकदम इतकं शांत झालं की भिंतीतली टक टक सगळ्यांनी ऐकली.

सूनबाईंनीच झाकण काढलं. "बोला, ताई."

पलीकडे खुर्ची सरकली. मग ताईचा आवाज आला, समितीत असतो तो. "कळलं वाटतं तुला."

"कळलं. आकडा बावन्न आला."

"आला ना. मग मी माझा शब्द फिरवत नाही. पण एक सांगते, बांधशील तेव्हा माझ्या घरात मला हे नळकांडं पाहिजे. या बाजूला बाळ्यासाठी एक, आणि त्या बाजूला शिंपीणबाईंसाठी एक. आणि त्यांना त्यांच्या पलीकडे एक."

"म्हणजे दहा घरांना, टोकाच्या दोघांना एकेक धरून, अठरा झाकणं," आजोबांनी पाठीमागून हिशेब केला. सूनबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं तेव्हा ते आपोआपच जरा ताठ उभे होते. "मी आता निवृत्त आहे," ते म्हणाले. "पण उतार दुसऱ्या कोणाला जमणार नाही."

"उद्यापासून या कामावर," सूनबाई म्हणाल्या. "फक्त ड्रिल मला विचारून."

"आणि बाळ्या," भिंत म्हणाली, "कानटोपीची लागली वाट. गोंडा राहिलाय नुसता."

आजोबांनी पायाशी पाहिलं. टिकली जमिनीवर बसून पिवळी लोकर मनगटाभोवती गुंडाळत होती, आणि खूप लोकर होती.

"असू दे, ताई," ते पाईपमध्ये म्हणाले. "मला इथे कानटोपी लागतच नाही आता. कालपासून सांगेन म्हणतोय."

पलीकडे सुया खडखडल्या. मग ताई म्हणाली, "मला लागते अजून. ती लोकर परत पाठव."

आजोबांनी धाग्याचं टोक भोकात घातलं आणि फुंकर मारली. धागा वीतभर गेला आणि परत आला. टिकलीने फुंकलं, सूनबाईंनी फुंकलं. शेवटी तपासनीस साहेबांनी आपलं सामान आवरता आवरता घड्याळ पाहिलं, खोकले, आणि म्हणाले की यंत्राच्या नियमाप्रमाणे एकदा पंखा उलटा फिरवूनही तपासायचं असतंच, हवा आत भरून, तर ते आत्ताच करून टाकू.

पंखा उलटा गुरगुरला. टिकलीच्या मनगटावरून धागा सुटायला लागला, सरसर, भिंतीच्या आत, आणि पलीकडून ताई ओरडत होती की पुरे, पुरे, अरे पुरे, नरसाळ्यातून सगळी माझ्या तोंडावर येतेय.